भोंगा वाजला नाही

शीतगृहात सगळे तिला कॉम्प्युटरताई म्हणत. ती वरच्या काचेच्या खोलीत बसे; खाली यंत्रघरात तिचा सख्खा भाऊ कॉम्प्रेसर सांभाळी. थंडावा अमोनियावर चाले, म्हणून जागोजागी गॅस हुंगणारे सेन्सर होते. ते सतत ओळी लिहून वर पाठवत. तिचा प्रोग्राम त्या ओळींत 'लीक' हा इंग्रजी शब्द शोधे आणि सापडला की भोंगा वाजवे.

सुरुवातीला तिनं शोधाला एक पर्याय जोडला होता: अक्षरं लहान असोत की कॅपिटल, शब्द तोच धरायचा. पण सेन्सर रोज सकाळी स्वतःची चाचणी घेत आणि चाचणीच्या मथळ्यात तोच शब्द येई, पहिलं अक्षर कॅपिटल. भोंगा उगाच बोंबले, माणसं हातातलं टाकून पळत.

"ताई, बहिरा करून सोडणार तुम्ही मला," यंत्रघरातला फिटर म्हणाला. सगळे हसले.

खरा इशारा नेहमी लहान अक्षरांत येई. म्हणून तिनं तो पर्याय काढून टाकला. कटकट मिटली.

पुढे यंत्रघरातला सेन्सर बिघडला, त्याच्या जागी नवा आला. त्याच दुपारी चहा पिता पिता तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. नव्या सेन्सरच्या ओळी भराभर सरकत होत्या. प्रत्येकीत 'लीक', सगळी अक्षरं कॅपिटल. आणि भोंगा गप्प.

दादा आत होता!

तिनं यंत्रघरात फोन लावला. त्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार? तिनं भिंतीवरचं लाल बटण दाबलं. भोंगा कोकलला आणि ती जिन्याकडे धावली. वहिनीला काय सांगू, एवढंच डोक्यात घोळत होतं.

दाराशी वासानं डोळे झोंबले. पहारेकऱ्यानं तिचा दंड धरला.

"आत जायचं नाही!"

"माझा भाऊ आहे आत!"

"मास्क घालून मुकादम गेलेत. तुम्ही थांबा."

ती थांबली. दार काही उघडेना. तिचे दात वाजायला लागले, आणि तिथं थंडी तर नव्हतीच.

अखेर दार उघडलं. दादा खोकत, ठेचकाळत बाहेर आला. मागून मुकादमांनी फिटरला ओढत आणलं. नळाखाली त्याचे डोळे धूत असताना तो कण्हला, "भोंगा का नाही वाजला?"

"माझ्यामुळे," ती म्हणाली.

साहेबांना तिनं सगळं सांगितलं. काढलेला पर्याय परत जोडला, चाचणीचा मथळा तेवढा वेगळा वगळला. पहिल्यांदाच करायला हवं होतं ते. फिटरचा एक डोळा मात्र अधू झाला तो झालाच. ती त्याच्या घरी गेली तेव्हा त्याच्या बायकोनं दार उघडलं, तिला बसायला सांगितलं, आणि आत निघून गेली.

"सोड गं आता," दादा म्हणतो. ती मान हलवते. पण खाली कुणी नुसतं खाकरलं तरी ताडकन उठून काचेशी जाते आणि दादा दिसेपर्यंत श्वास रोखून उभी राहते.