चुलीपुढचा पाट

आमच्या घरात सगळ्यांच्या आधी मल्लव्वा आत्या जेवायची. दुकानातले पुरुष नव्हेत, शाळेला जाणारी मुलं नव्हेत, पाहुणे नव्हेत, आत्या. तव्यावरची पहिली भाकरी फुगली की ती पाट ओढून चुलीपुढं बसायची, भाकरीवर शेंगांची चटणी आणि चटणीवर दही घ्यायची आणि घाई न करता चवीनं जेवायची. ताट उचलून झालं की दाराकडं तोंड करून म्हणायची, "हं, आता बोलवा कुणाला बोलवायचं त्यांना."

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या आमच्या आळीत याची चर्चा होती. आडावर पाणी भरताना बायका तोंडावर बोलायच्या. एकदा शेजारची म्हणाली, "मल्लव्वा, वय झालं तरी जीभ आवरंना व्हय गं?" आत्यानं घागर कमरेवर घेतली. "न्हाय आवरत. हावरीच हाय मी. तू उपाशी पोटी चूल फुंकतीस, म्हणून तर सकाळपासनं माझ्यावर खेकसतीयास."

आत्या हावरी नव्हती. ती ठरवून हावरी झाली होती. कशासाठी, ते सांगायलाच मी हे लिहीत आहे.

ती आमच्या अप्पांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी परतली आणि तेव्हापासून स्वयंपाकघर तिच्या हातात होतं. पुढं अप्पांचं किराणा-भुसाराचं दुकान आणि मागं घर. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की आळी उठायची, पण आमची चूल त्याआधी पेटलेली असायची. दुकानातली माणसं आमच्याकडंच जेवायची. गावाकडून माल घेऊन आलेले गाडीवान जेवायचे. बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला सोलापुरात आलेला प्रत्येक नातेवाईक जेवायचा. काटवटीत पीठ संपलं असं मी कधी पाहिलं नाही.

जेवणाची रीत ठरलेली होती. आधी अप्पा, माझा भाऊ बसवण्णा आणि पाहुणे. मग गाडीवान. मग मुलं. बायका सगळ्यांत शेवटी, जे उरेल ते, जसं उरेल तसं. माझी आई, जिला आम्ही अव्वा म्हणायचो, पंगत बसली की दाराआड उभी राहायची आणि हळूच विचारायची, "मीठ कसंय?" कुणी म्हणायचं, "बरं आहे." कुणी म्हणायचं, "आज विसरलात जणू." बहुतेक वेळा कुणी उत्तरच द्यायचं नाही. तिचं ताट वाढलं जाईपर्यंत सगळं गार झालेलं असायचं आणि आमटीच्या तळाशी नुसतं पाणी राहिलेलं असायचं.

या रितीला मी उपासमार म्हणते. ती घरातली आहे आणि देवाधर्माच्या नावानं चालते, म्हणून तिला दुसरं नाव द्यायचं कारण नाही. हे मी अगदी लहानपणापासून म्हणत आले. अप्पांच्या दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची. तिच्यात सभांची पत्रकं असायची, सुधारणेच्या पुस्तिका, बहिष्काराचे जाहीरनामे. त्यांच्यात हळद-जिरं बांधलं जाण्याआधी मी ती वाचून काढायची आणि चांगली वाटतील ती स्वयंपाकघरात नेऊन आत्याला मोठ्यानं ऐकवायची. भाकरी थापता थापता ती लक्ष देऊन ऐकायची. एकदा स्त्रियांच्या गुलामगिरीवरचं एक तडफदार पत्रक मी वाचून दाखवलं. आत्यानं भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाण्याचा हात फिरवला आणि विचारलं, "ह्यो लिहिणारा घरी कितव्या पंगतीला जेवतो?"

"ते लिहिलेलं नाही."

"तेवढं लिहायला पायजे हुतं की."

तेव्हा आत्याही शेवटीच जेवायची. ती रीत मोडली एका जत्रेमुळं.

संक्रांतीला आमच्याकडं सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. शहरात ज्याचं घर आहे, त्याच्या घरात त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. आमच्याकडं ओसरीवर, माडीवर, दुकानातल्या पोत्यांवर माणसं झोपायची. भोगीच्या दिवशी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी, हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर, शेंगांच्या पोळ्या असा रांधा असायचा. पण घरात नियम होता: पुरुष देवळात नैवेद्य दाखवून परत येईपर्यंत कुणी तोंड खरकटं करायचं नाही. पुरुष नंदीध्वजांच्या मिरवणुकीत जात, गर्दीतून वाट काढत उन्हं उतरताना परत येत. वाटेत गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानात, भजी खात, उसाचा रस पीत. नियम त्यांच्यामागं गड्ड्यापर्यंत जात नसे. तो चुलीपाशीच बसून असे.

त्या वर्षी माझी वहिनी पार्वती पहिलटकरीण होती. नुकते दिवस गेले होते. ती होटगीची, वडील रेल्वेत. अंगानं बारीक, स्वभावानं त्याहून बारीक. कुणी पाणी मागितलं तरी आपलंच काही चुकलं अशा चेहऱ्यानं द्यायची. भोगीच्या दिवशी पहाटेपासून ती धुरात बसली होती. दुपार कलल्यावर परात उचलायला गेली आणि चुलीशेजारी कोसळली. दोन दिवसांनी मूल गेलं. सुईण म्हणाली, "बाईच्या अंगात रगतच न्हाय, मूल टिकंल कुटनं?" घरातले म्हणाले, जत्रेच्या गर्दीत कुणाची तरी नजर लागली. होटगीहून तिचे वडील टांगा घेऊन आले. ते भांडले नाहीत. "पोरीला नेतो," एवढंच म्हणाले. "अंगात जीव भरला की पाठवतो. न्हाय भरला तर न्हाय पाठवत."

वहिनी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पहिल्यांदा आधी जेवायला बसली.

आम्ही लिंगायत. आमच्यात बाईच्याही गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतं आणि आपली पूजा आपणच करायची असते. मध्ये भटजी नाही, नवराही नाही. आत्यानं आंघोळ करून डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं, विभूती लावली, बेलाचं पान वाहिलं, पहिल्या भाकरीचा तुकडा दाखवला आणि उरलेली भाकरी पाटावर बसून खाल्ली. अव्वा हातातलं उलथणं तसंच धरून बघत राहिली. "वन्सं, अजून ह्यांचं जेवण व्हायचंय."

"माझ्या देवाचं झालं," आत्या म्हणाली. "आता प्रसाद गार करू व्हय?"

त्या दिवशी अप्पा हसले. आठवड्यानं चिडले. महिन्यानं त्यांनी त्या विषयावर बोलणं सोडून दिलं. मला मात्र राग आला होता. मी आत्याला म्हणाले, "तू एकटी जेवून काय उपयोग? अव्वाला बसव, वहिनी आली की तिला बसव. अप्पांना तोंडावर सांग की त्यांच्या रितीनं मूल गेलं."

आत्या तांदूळ निवडत होती. "तंगी, इकडं बा," ती म्हणाली. लाडात असली की तिच्या तोंडी कानडी यायचं; मला ती तंगी, म्हणजे धाकटी बहीण, म्हणायची आणि 'ये'ला 'बा'. "सुनेनं आधी खाल्लं तर काय म्हणतील? माहेरात वळण न्हाय म्हणतील. तिच्या आईबापाचा उद्धार करतील. माझं माहेर हेच हाय. कुणाचा उद्धार करतील? तुझ्या अज्जाचा? करू दे की. आधी मला बघून बघून ह्यांचे डोळे मरू देत. मग तिला बसवू."

"आणि अप्पांना सांगणार नाहीस?"

"त्याला कळलं न्हाय असं वाटतंय तुला? कळलंय म्हणून तर नजर लागली, नजर लागली म्हणत बसलाय."

मला हे पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. चूक नावानिशी सांगितल्याशिवाय मोडत नाही, असं मी मानते. पण ती जे करत होती, ते मी रोज सकाळी बघत होते. तिची बदनामी आडावर पोचली, नातेवाइकांत पोचली, लग्नकार्यांत चघळली गेली, आणि हळूहळू शिळी झाली. आषाढात वहिनी परत आली, तेव्हा आळीला त्या विषयाचा कंटाळा आलेला होता.

पुढच्या गड्ड्याला वहिनी पुन्हा गरोदर होती. या वेळी पोट दिसत होतं. एरवी आत्या तिला आपल्या ताटातलं काहीबाही देत असे, पण भोगीच्या दिवशी नियम देवाचा होता आणि घर पाहुण्यांनी भरलं होतं. मोडनिंबचे काका, म्हणजे अप्पांचे चुलतभाऊ, कुटुंबासह आले होते. ते धान्याचे व्यापारी, आणि जिथं जातील तिथं पहिला पाट आपला समजणारे.

सकाळी आत्यानं चुलीपुढं दोन पाट मांडले. "पार्वती, आंघोळ झाली न्हवं? बस. डबी काढ."

वहिनीनं अव्वाकडं पाहिलं. अव्वानं मान खाली घातली. वहिनी बसली. तिनं लिंग हातावर घेतलं, बेल वाहिला. भाकरीचा तुकडा दाखवून झाला आणि नेमके तेव्हाच काका फेट्याचा शेमला सारखा करत दारात आले.

"अक्का, आमच्याआधी तुमची पंगत उठली वाटतं?"

"उठली न्हाय, बसतीय. मदी उभं राहू नका, उजेड अडतोय."

"तुमचं ठाऊक आहे आम्हांला. पण ही तर सून. देवळात नैवेद्य गेला नाही अजून." त्यांनी अप्पांना हाक मारली.

अप्पा दारात आले. मागं दोन-चार पाहुणे जमले. अप्पांनी दोन पाट पाहिले, वहिनीच्या तळहाताकडं पाहिलं आणि म्हणाले, "अक्का, आजचा दिवस तरी."

"आजच्याच दिवसासाठी बसवलंय. गेल्या वर्षी हाच दिवस हुता."

"देवाच्या आधी जेवायचं नसतं."

"मग तिच्या गळ्यात काय हाय? दगड हाय व्हय? तिच्या देवानं खाल्लं, आता तिच्या हातात प्रसाद हाय. तू थोर माणूस. तिला सांग, टाक म्हणून."

मला राहवलं नाही. मी पुढं होऊन बोलायला लागले, की ही रीत आमच्या संतांच्या कुठल्या वचनात नाही, की गड्ड्यावर भजी खाणाऱ्यांनी नियम सांगू नयेत. आत्यानं मान न वळवता म्हटलं, "तुझं खरं हाय. पण तव्याकडं बघ, करपतीय."

काका म्हणाले, "असल्या घरात मी जेवायचा नाही."

"नका जेवू की. तुमच्या वाटणीच्या भाकरी कडक करून बांधून देते. मोडनिंबपर्यंत चांगल्या टिकतील."

मागं उभ्या असलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. अप्पा वळले आणि दुकानाकडं निघून गेले. आत्या वहिनीला म्हणाली, "उण्ण, यव्वा. जेव." वहिनी रडत रडत जेवली. आत्यानं तिला अख्खी भाकरी संपवायला लावली आणि वर दूध दिलं. मग दोघी उठून दिवसभर राबल्या. संध्याकाळी काका पहिल्याच पंगतीला बसले आणि हुग्गी दोनदा मागून घेतली.

अप्पा त्यानंतर आत्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशीही दोन पाट मांडले गेले, तिसऱ्याही दिवशी. वहिनीला उन्हाळ्यात मुलगी झाली. चांगली जाडजूड. सुईण म्हणाली, हिचं रडणं स्टेशनापर्यंत ऐकू जाईल. आत्यानं तिला मांडीवर घेऊन विचारलं, "ऊटा आयतेनु?" जेवलीस का? तिच्या तोंडी भेटीचा शब्द हाच असायचा. दुकानात आलेल्या हमालाला, शाळेतून आलेल्या पोराला, रागावलेल्या भावाला. उत्तर ऐकल्याशिवाय ती दुसरं काही बोलायची नाही.

आत्या चार पावसाळ्यांनंतर तापानं गेली. फार दिवस अंथरुणावर नव्हती. शेवटपर्यंत डबी गळ्यात आणि नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं. आमच्या रितीप्रमाणं तिला बसवून, फुलं घालून नेलं आणि मातीत ठेवलं. त्या दिवशी शेजाऱ्यांनी भाकरी-आमटी आणून दिली. जिनं तिला आडावर टोमणा मारला होता, तिनं मोठी पाटी भरून आणली.

आमच्यात सुतक पाळत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली. ओसरीवर माणसं बसली होती. मोडनिंबचे काका होते, होटगीहून वहिनीचे वडील आले होते. आदल्या दिवशी कुणी धड जेवलं नव्हतं, सगळे भुकेले होते. वहिनीनं पिठलं केलं, पहिली भाकरी टाकली. ती फुगली. वहिनीनं ती उतरवून परातीत ठेवली आणि हात तसेच पिठाचे ठेवून उभी राहिली. आत्याचा पाट भिंतीला टेकून उभा होता. पाठीशी आत्या नसताना, एवढ्या माणसांदेखत बसायचं धाडस तिला होत नव्हतं. मी बोलण्यासाठी तोंड उघडलं, तोवर अप्पा आत आले.

ते कधी स्वयंपाकघरात येत नसत. आले, इकडं तिकडं पाहिलं, पाट उचलला आणि चुलीपुढं मांडला. नीट बसला नाही म्हणून पुन्हा सरकवला.

"बस, पार्वती," ते म्हणाले. "अक्काच्या जेवणाची वेळ झाली."

ते बाहेर गेले आणि ओसरीवरच्या लोकांना म्हणाले, "थोडं थांबा. आतलं व्हायचंय."

वहिनी बसली नाही. तिनं कोपऱ्यातून दुसरा पाट ओढला, पहिल्या पाटाशेजारी ठेवला आणि अव्वाचा हात धरला. "अव्वा, चला."

अव्वा नको नको म्हणत होती. मग बसली, दाराकडं पाठ करून, पदर पुढं ओढून. तिनं डबी उघडली, पूजा केली. वहिनीनं तिच्या ताटात वाफाळलेली भाकरी आणि पिठलं वाढलं. अव्वानं एक घास घेतला, थांबली आणि सावकाश चावत राहिली. स्वयंपाकात मीठ किती पडलंय, हे तिला आजवर आधी पंगतीलाच विचारावं लागत होतं.

"पार्वती," ती म्हणाली, "मीठ जरा कमी झालंय गं."

मी मिठाचं भांडं तिच्यापुढं सरकवलं.