सोमवारचे सूट

क्रांती चौकातल्या आमच्या ऑफिसात फतवा आला: सोमवारी विभागीय साहेब येणार, पुरुषांनी सूट घालावा. आमच्यासारख्यांकडे सूट एकच असतो, लग्नातला, सासऱ्यानं शिवून दिलेला. तो एकदा घालायचा आणि पुढं पोट सुटेपर्यंत कपाटात जपायचा.

माझ्याकडेही होता, पण बिनलग्नाचा. चार वर्षांपूर्वी लग्न पंधरा दिवसांवर आलं असताना मोडलं. तोवर गुलमंडीत सूट शिवून झाला होता. रंग तिनं निवडलेला. तिच्या घरच्यांनी परत मागितला नाही, मी दिला नाही. ऑफिसात यातलं कुणाला ठाऊक नव्हतं आणि मला कळूही द्यायचं नव्हतं. माझी कीव केलेली मला मुळीच खपत नाही.

सोमवारी ऑफिस म्हणजे सामुदायिक विवाहाचा मांडव झाला. कॅशियरच्या कोटाला सोनेरी जर, पण बटण एकही लागत नव्हतं. शिपायाच्या कॉलरवर अजून हळद होती. रिटायरमेंटला आलेल्या हेडक्लार्कना तर खिशात अक्षता सापडल्या. सगळ्यांना दाखवून झाल्यावर ते माझ्याकडं वळले.

"तुझा लई कोरा करकरीत हाय रे. ना हळद, ना अक्षता. लगीन कवा केलंस, आन् आम्हाला सांगितलं नाय?"

थाप मारायला तोंड उघडलं आणि खरंच बोलून गेलो. "झालंच नाही. मोडलं."

हेडक्लार्कनी मुठीतल्या अक्षता परत खिशात टाकल्या. तेवढ्यात साहेब आले, अर्ध्या बाहीच्या शर्टात. फतवा आपणच काढलाय हे साफ विसरलेले.

"कुणाचं लग्न आहे का?" त्यांनी विचारलं.

तुमचाच हुकूम आहे, हे साहेबाला कोण सांगणार? हेडक्लार्कनी माझ्याकडं बोट केलं. "याचं, साहेब. बारा छत्तीसचा मुहूर्त हाय."

"मग हा इथं काय करतोय? जा, रजा मंजूर."

मी मुकाट दाराकडं निघालो. मागून हेडक्लार्कनी खिशातले तांदूळ माझ्या डोक्यावर टाकले. मग कॅशियरनं आणि शिपायानंही आपापले खिसे झाडले. जे काय चार-दोन किडके दाणे निघाले ते माझ्या कोटावर पडले, आणि मला रडू कोसळलं, सगळ्यांसमोर.

साहेबांनी पाठ थोपटली. "होतं असं," ते म्हणाले. "माझ्या लग्नात मीही रडलो होतो."