तीन दिवसांचा तुरुंग

कॅनडात कायमचं राहण्यासाठी करायच्या अर्जात मी माझ्या हाताने लिहिलं, की मी तीन दिवस तुरुंगात होते. आयुष्यातला सर्वांत मोठा मूर्खपणा नव्हे हा, पण सत्तरी ओलांडल्यानंतरचा नक्कीच. अर्ज पुढे मंजूर झाला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला घोर नको. माझा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच कारणाने.

अर्ज नवऱ्याच्या आधारावर होता. नवरा नवाच, दोन वर्षांचा. म्हणजे लग्न दोन वर्षांचं. ते स्वतः पंचाहत्तरचे. विधुर. चाळीस वर्षं तिकडे काढलेली, थंडीत तेवढे पुण्याला बहिणीकडे यायचे. आमची पहिली निवांत भेट खडकवासल्याच्या काठावर झाली. पाणी हळूहळू राखाडी होत होतं, हातात भाजलेलं कणीस होतं, आणि मी त्यांना माझा तुरुंग सांगितला. उंचावरची लहानशी खिडकी, बाहेर कडुनिंबाची एकच फांदी, पलीकडच्या कोठडीत कोणीतरी हलक्या आवाजात ओवी म्हणतंय. ते कणीस खायचं विसरून ऐकत होते. मला वाटलं, झालं, भाळले.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी मेथी आणायला निघाले होते.

तेव्हा आम्ही कसबा पेठेत राहायचो. मी पंचविशीची, आणि अंगात शहाणपण सोडून बाकी सगळं. रॉकेल मिळत नाही म्हणून बायकांचा मोर्चा निघाला होता. मी जुड्या हातात घेऊन कडेला बघत उभी. पोलिसांची गाडी आली तशा बायका आपणहून चढू लागल्या. अटक करून घ्यायची आणि संध्याकाळी घरी यायचं, अशी मोर्च्यांची रीतच होती तेव्हा. शेजारच्या काकूंनी वरून हात दिला. "चल गं, जागा आहे." ही शहाणी चढली! हिला वाटलं, गाडी घरावरून जाईल.

पोलीस मैदानात आम्हाला चिंचेखाली बसवलं. नावं लिहून घेतली, चहा दिला. थोडा वेळ घोषणा झाल्या, मग सगळ्यांनी मिळून माझी मेथी निवडली. एक पोलीसबाईही येऊन टेकली आणि "देठ किती ठेवता हो!" म्हणून मलाच बोलली. ऊन पानांतून झिरपत होतं. घर, उतू जाणारं दूध, सासूबाई, सगळं पाण्याच्या तळाशी असल्यासारखं लांब वाटत होतं. इतकी निवांत दुपार मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली होती. सहाला सोडलं.

हीच दुपार मी पुढे सांगत गेले. मुलांना सांगताना तिची रात्र झाली. सुनेला सांगताना, जरा वचक असावा म्हणून, दोन रात्री. नातवंडांपर्यंत तीन दिवस भरले आणि खिडकीला गज आले. गंमत अशी, की ती फांदी मला आता खरंच दिसते. डोळा लागता लागता हलते. कधीही न पाहिलेल्या कोठडीचा गारवा पाठीला लागतो. म्हणून "कधी अटक झाली होती का?" या रकान्यात आपण खोटं लिहितोय असं मला वाटलंच नाही. वर इंग्रजीचा तोरा. पान कोणाला दाखवलं नाही.

बिबवेवाडीतल्या वकीलबाई माझ्या नातीच्या वयाच्या. अर्ज पाठवण्याआधी त्यांनी तो तपासायला घेतला, तेव्हा हे शेजारच्याच खुर्चीत होते.

"आजी, तीन दिवस म्हणजे रिमांड असणार. कोर्टाची ऑर्डर आहे ना?"

"नाही."

"मग सुटकेचा कागद?"

"तो भिजला."

"गुन्हा काय लावला होता?"

मी टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत बसले.

"आजी, प्लीज. पोलिसांचा दाखला तर क्लीन आलाय तुमचा. काही खोटं सापडलं तर पाच वर्षं परत अर्ज करता येत नाही."

आमच्या वयाला पाच वर्षं म्हणजे काय, ते त्या पोरीला कुठून कळणार! पण खरी भीती निराळीच होती. ज्या बाईशी यांनी लग्न केलं ती बाई मुळात नव्हतीच, आणि हे आता यांच्यासमोरच उघड व्हायचं होतं. यांच्याकडे न बघता मी सगळं सांगितलं, मेथीसकट. वकीलबाई ओठ दाबून टाइप करत होत्या: एक दुपार, खटला नाही, शिक्षा नाही.

"आजी, मेथी वगळते हं. त्यांना झेपणार नाही."

मी सही केली.

हे काही बोलले नाहीत. रिक्षात नाही, जिन्यात नाही. घरी येऊन चपला जोडीने ठेवल्या, पाणी प्यायले, पेपर उघडला. मी पडद्याशी उभी. खालचा रस्ता, दुकानं, स्कूटर, सगळं आवाज बंद केल्यासारखं तरंगत होतं.

"रागावलात का हो?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"तुमचा तुरुंग मला ऐकला तेव्हाच खोटा वाटला होता. म्हटलं, एवढं रंगवून सांगणारी बाई घरात असली, तर तिकडचा हिवाळा निघेल."