फोटो लावला आणि हात मंदावले

सत्तरच्या दशकात मी लकडगंजमधल्या एका शिवणकारखान्यात देखरेखीला होते. शाळांचे गणवेश शिवायचे; मशीनवर सगळ्या बायकाच. शाळा उघडायच्या आत माल द्यावा लागे, म्हणून उन्हाळा लागला की मालकांचा, म्हणजे शेठजींचा, जीव टांगणीला लागायचा, आणि मग माझाही.

त्या वर्षी ते कुठलंसं व्याख्यान ऐकून आले. "बाई, माणसाला कौतुक लागतं. कौतुक केलं की हात आपोआप चालतात," म्हणाले. जी सर्वांत जास्त शिवेल, तिचा फोटो दारासमोर लावायचं ठरलं.

पहिला मान कामठीहून बसने येणाऱ्या एकीला मिळाला. कॉलर लावण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. फोटो लागला तेव्हा ती लाजली, पण येता-जाता त्याकडे बघायचीही. थोडे दिवस मशीनं जोरात चालली.

मग काहीतरी बिनसलं. जेवणाच्या सुट्टीत ती जवळ आली की बायकांचं बोलणं थांबायचं. सकाळी तिच्या मशीनचा पट्टा उतरलेला असायचा. भांडण कोणीच करत नव्हतं, त्यामुळे मी रागावणार तरी कोणावर? हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी नुसती फिरत राहायची. घरी जेवतानाही मन तिथेच.

तिचं काम हळू झालं. मी विचारलं तेव्हा मान खाली घालूनच म्हणाली, "बाई, मुद्दाम हळू शिवून राहिली मी. तो फोटो काढा."

"काहून गं?"

"तो लागला तवापासून माह्या डब्यात कोणी हात नाही घालत."

मी शेठजींकडे गेले. ते ऐकेनात. "एकीचा काढला तर योजनाच बुडाली."

मी हे तिला सांगितलं, तशी ती उठली, स्टुलावर चढली आणि फोटो उतरवून पिशवीत घातला. शेठजी केबिनच्या दारात उभे होते. "उद्यापासून येऊ नका," एवढंच तिला म्हणाले.

ती कात्री, टेप गोळा करू लागली. तेव्हा एक मशीन थांबलं, मग शेजारचं, मग सगळी रांग. तिच्याशी सर्वांत जास्त अबोला धरलेली बाई उठून म्हणाली, "तिले काहून काढता, शेठजी? ती नाही, तर आमीही नाही बसत."

मला काही कळेना. याच बायकांनी तिला एकटं पाडलं होतं.

माल तर द्यायचाच होता. शेठजींनी हातानेच तिला बसायची खूण केली. मशीनं पुन्हा सुरू झाली.

संध्याकाळी त्यांनी मला आत बोलावलं. "मग या बायकांना पाहिजे तरी काय?"

"त्यांनाच विचारून बघा," मी म्हटलं.

ते काचेतून हॉलकडे बघत राहिले. बाहेर मात्र गेले नाहीत.