किल्ल्यावर नेलेलं पाणी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, पण मुरुडला आमच्या गल्लीत टँकर येईल तेव्हा खरा. अशात मला बघायला नांदेडचे पाहुणे येणार! त्यांच्या चहापाण्याला पाणी कुठलं आणायचं? मामाने तोड काढली: आपणच तिकडं जाऊ, नदीकाठी किल्ला आहे, पोरगी किल्ला बघेल आणि ते पोरगी बघतील.

मी खूश. नवरा पसंत पडो न पडो, मोगलांच्या वेळचा किल्ला तरी बघून होणार होता.

लोह्याला एस.टी. थांबली, मामाने गरम भजी आणली. माझ्या मांडीवर पाण्याचा कॅन, हात कुठून मोकळा असणार? निम्म्याहून जास्त भजी मामानेच फस्त केली. वर म्हणतो कसा, पोरीनं आज तेलकट खाऊ नये.

मुलगा आणि त्याची आई किल्ल्याच्या दरवाजात उभेच होते. जयभीम झालं. मुलगा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. बुरुजावर चढलो आणि खाली गोदावरी दिसली. दुष्काळाने पार रोडावली होती, निम्मं पात्र नुसती वाळू. पण उरलेल्यात पाणी वाहत होतं! मी मुलाला सोडून नदीकडेच बघत राहिले. तो हसून म्हणाला, इकडं हिला सगळे गंगाच म्हणतात. हसताना तो मला आवडला, खोटं कशाला बोलू?

सावलीत बसल्यावर त्याच्या आईने घरून आणलेल्या पाण्याचा तांब्या पुढे केला. मामा पटकन म्हणाला, "नको, नको. आमचं हाय." आणि कॅन उघडायला लागला.

बाईंचा चेहरा उतरला.

"आमचं पाणी चालत न्हाई व्हय तुम्हाला? आपल्याच माणसांनी असं करावं?"

पाणवठ्यावर लांब उभं राहण्याचे दिवस त्यांच्या घराने भोगले होते, तसे आमच्याही. जमत आलेलं मोडतंय की काय! मुलीने अशा वेळी बोलायचं नसतं, पण मामा तर नुसतं कॅनचं झाकण फिरवत बसला होता.

"मावशी, आमच्याकडं पाहुणा आपलं पाणी घिऊनच जातोय," मी म्हणाले. "दुसऱ्याचा हंडा रिकामा हुऊ न्हाई म्हणून."

आणि तांब्या उचलून गटागटा सगळा रिकामा केला. पदर ओलाचिंब झाला. मग बाईंनी आमच्या कॅनमधलं पाणी त्याच तांब्यात ओतून घेतलं आणि प्यायल्या.

परतीच्या एस.टी.त मामाने बाईंचा निरोप सांगितला. मुलगी पसंत आहे, लग्न नांदेडलाच करायचं. अट एकच, वऱ्हाडाने हात हलवत यायचं, पाण्याचा थेंबसुद्धा आणायचा नाही. ऐकून मला रडूच फुटलं. माणसं एवढी मोठ्या मनाची असतील असं वाटलं नव्हतं. अर्धा किल्ला बघायचा राहून गेला होता, पण त्याची आता काय घाई होती?