लाल कुलूप

आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. बायको शाळेत शिक्षिका, तिला रविवार. त्यामुळे एकतीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एकत्र घरी असायचो ते दिवाळीत, गणपतीत, नाहीतर कुणाच्या मयतीला. याचं मला फार वाईट वाटलं असंही नाही, हे आधीच कबूल करतो. मी चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की मला बरं वाटतं. सगळं सुरळीत चालू असलं की हात शिवशिवतात.

दोन वर्षांपूर्वी मी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि दिघीतल्या एका फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये उभी करून तिचं फिरतं घर करायला लागलो. दोघांपुरता पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, हवेसाठी छताला झडप. माझे सगळे गुरुवार तिकडंच गेले. फॅब्रिकेटर तिथल्या जुन्या घरातला, फटकळ माणूस. एकदा म्हणाला, "येवढं घर बांधलंस राव, पर त्यात ऱ्हाणार हायेस का न्हाई?"

घरी येऊन मी हे हसत हसत सांगितलं. बायको हसली नाही. म्हणाली, "पुढच्या वर्षी तुम्ही रिटायर होणार. मग रोज समोरासमोर बसायचंय. जमतंय का ते दोन दिवस बघू या. नाहीच जमलं, तर मी घरी शिकवण्या घेते, तुम्ही तुमची शेड काढा." ती शांतपणे बोलली, म्हणून जास्त लागलं.

श्रावणात दोघांनी दोन-दोन रजा टाकल्या आणि ताम्हिणी उतरून कोकणात गेलो. एका बागायतदारानं आवारात बस लावू दिली. भोवती काजू आणि रातांब्याची झाडं, मागं दाट रान, खाली समुद्र. तो दिसत नव्हता, पण पावसाच्या वरताण त्याचा आवाज येत होता.

पोचल्यावर तासाभरात झडप गळायला लागली. बायकोनं खाली पातेलं ठेवलं, चहा टाकला आणि घडीच्या टेबलावर दोन कप मांडले. मी रेनकोट चढवून टपावर. सीलंट मारून उतरलो, तर बस एका बाजूला कलल्यासारखी वाटली, म्हणून जॅक लावला. मग गॅसचा पाइप तपासला. मग बॅटरी. दर वेळी माझा चहा गार होत होता आणि ती नवा करत होती. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. गळतीची नव्हे, चहा संपल्यावर बोलायचं काय याची.

आमच्या कामात एक नियम असतो. मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं लाल कुलूप लावायचं, वर आपला फोटो असलेला टॅग अडकवायचा आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं, तेही काम संपल्यावर. एकदा एक जण कुलूप लावून जेवायला गेला. लाइन अर्धा तास उभी राहिली, मॅनेजर चडफडत राहिला, पण कुलपाला कुणी हात लावला नाही. हा किस्सा मी बायकोला किमान वीसदा ऐकवलाय.

चौथ्या चहाच्या वेळी स्पॅनर घ्यायला आत आलो, तर हत्यारांच्या पेटीला, त्याच पेटीत किल्लीसकट पडून असलेलं माझंच जुनं लाल कुलूप! टॅगही लटकत होता. माझ्या फोटोवर तिनं स्वतःची टिकली चिकटवली होती.

"काढ ते," मी म्हणालो.

"काम चालू आहे."

"कसलं काम?"

"बसा, म्हणजे कळेल."

चिडून बसलो. पातेल्यात थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंबाला माझा पाय हलत होता. काहीतरी बोलायचं म्हणून एका बेअरिंगची गोष्ट सांगितली. तिनं ती शेवटपर्यंत ऐकली. मग सुचेना, म्हणून विचारलं, "रविवारी तू काय करतेस गं?"

"धुणं, वह्या तपासणं. चारला बस धरून देहूला जाते. तासभर घाटावर बसते."

"कधीपासून?"

"मुलगी सासरी गेल्यापासून. सात वर्षं झाली."

"मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही आज विचारलंत."

मला राग आला. तिचा येण्यासारखं काही नव्हतं, तरी आला. बाहेर जाऊन काहीतरी आवळावं असं वाटलं. पण किल्ली तिच्या मुठीत होती. चहा मात्र त्या वेळी गरम प्यायलो.

परत रावेतला घरी आल्यावर म्हटलं, "आता तरी काढ कुलूप." ती म्हणाली, "नियम तुमचाच ना? काम संपू दे." पेटी अजून तशीच आहे आणि झडपही गळते.

गेल्या रविवारी शिफ्ट बदलून घेतली आणि तिच्याबरोबर देहूला गेलो. पायरीवर बसलो. इंद्रायणीला पाणी भरपूर होतं. शेजारच्या लोखंडी कठड्याचा एक बोल्ट ढिला झाला होता. तो मला दिसला, आणि मला दिसला हे तिला दिसलं. पर्स काखेत घेत ती म्हणाली, "निघायचं का?"

मी दोन्ही हात मांडीखाली घातले. "बस की थोडं," मी म्हणालो.