एका घराने सरकलेल्या पत्रिका

कर्वेनगरात आमच्या घराजवळ एक वधूवर सूचक मंडळ आहे. तिथलं संगणकाचं काम मी रविवारी सकाळी बघायचो. पगार नाही, चहा मिळायचा. माझी सख्खी भाचीही तिथे नोंदवलेली होती.

परस्पर चौकशा होऊ नयेत म्हणून मंडळ मुलींची नावं आणि जन्मवेळ झाकून फक्त कुंडली आणि खालची नक्षत्र-नाडीची ओळ स्कॅन करायचं. त्यामुळे पत्रिका कुणाची, हे फाइलच्या नावावरूनच कळणार. आणि स्कॅनरने दिलेली नावं म्हणजे नुसते लांबलचक आकडे. मंडळाच्या बाई कागदाशी ताडून एकेका फाइलला नोंदणी क्रमांक देत बसायच्या.

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे हे," मी म्हणालो. पत्रिका नोंदणीच्या क्रमानेच स्कॅन झाल्या होत्या. मी क्रमांकांची यादी उचलली, नावं बदलायच्या प्रोग्रामला दिली आणि सगळ्या फाइलींची नावं एका दमात बदलली. यादीतला शेवटचा क्रमांक तेवढा उरला. नवीन नोंदणी असेल, स्कॅन व्हायची असेल, असं धरून चाललो.

तसं नव्हतं. मधल्याच एका मुलीच्या घरच्यांनी पत्रिका दिलीच नव्हती. तिथून पुढे प्रत्येक मुलीच्या क्रमांकावर तिच्या पुढच्या मुलीची पत्रिका जाऊन बसली.

त्याच सुमारास भाची वारज्याच्या एका मुलाला दोनदा भेटली. दुसऱ्यांदा तर दोघं दुपारभर बसली. "कॉफी तरी किती प्यायची माणसांनी!" असं बहीण फोनवर म्हणाली, पण आवाजात आनंद होता. मग मुलाच्या आईने मंडळाकडून पत्रिका नेली आणि निरोप आला: एकनाड आहे, क्षमस्व.

एकनाड हे आपल्याकडे नकार द्यायचं सभ्य कारण. ते खरं असेल असं कुणालाच वाटत नाही. बहिणीलाही वाटलं नाही. "हिचा पगार जास्त, तो खुपला असेल," ती म्हणाली. "नाहीतर रंग." पुढच्या मुलांना भेटताना भाची आधीपासूनच उठायच्या तयारीत बसलेली असायची.

थोड्याच दिवसांत एका मुलीच्या वडिलांचा मंडळात फोन आला. "काय हो, आमच्या मुलीचं नक्षत्र बदललंत? इतक्या वर्षांत आम्हाला नाही जमलं ते!"

मी फोल्डर उघडलं आणि सगळं लक्षात आलं. भाचीची खरी पत्रिका शोधली. तिची नाडी आद्य, मुलाची मध्य. एकनाड नव्हतीच.

मुलाचं अजून कुठे जमलं नव्हतं. एक फोन पुरला असता. मी तो केला नाही. बहिणीसमोर आणि बाईंसमोर माझी हुशारी उघडी पडली असती, एवढंच कारण. फाइलींची नावं गुपचूप बरोबर केली आणि बाईंना सांगितलं, स्कॅनर जुना झालाय. पुढच्या मोसमात त्या मुलाचं लग्न झालं.

भाचीने लग्न केलं नाही. वाघोलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते, मजेत असते. एकटं राहण्यात वाईट काही आहे असं मला म्हणायचं नाही. पण गेल्या महिन्यात आम्ही तिच्याकडे जेवत होतो, तेव्हा ती आईला म्हणाली, "तो वारज्याचा आठवतो? सरळ सांगायचं ना, आवडली नाहीस म्हणून. एकनाड म्हणे!" आणि हसली.

जेवण झाल्यावर ती भांडी विसळत होती. मी स्वयंपाकघरात गेलो आणि सगळं सांगितलं. तिने नळ बंद केला.

"मामा, मुद्दाम केलंस?"

"नाही. ती चूक होती. गप्प बसलो ते मुद्दाम."

"म्हणजे तो खोटं बोलला नव्हता."

"नाही."

तिने हातातली ताटली ओट्यावर ठेवली. "मी इतकी वर्षं त्याला खोटारडा म्हणतेय. आणि स्वतःला..." ती हात पुसून माझ्याकडे वळली.

"आईला माहितीये?"

"नाही."

"मग जा, सांग. तुझ्या वतीने मी नाही सांगणार."

तिने पुन्हा नळ सोडला. बहीण बाहेर बडीशेप चघळत बसली होती. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली.